शुक्रवारची वाटणी

४ नोव्हेंबर, सोमवार

पोचले एकदाची. दोन बॅगा, एक गादीची वळकटी आणि आत्याने फोनवर सांगितलेला अर्धा बाजारहाट घेऊन तिसरा मजला चढले, तर आत्या जिन्यातच उभी. वर येईपर्यंत तिला धीर नव्हता. शिलाई मशीनची खोली तिने माझ्यासाठी रिकामी केली आहे. म्हणजे मशीन आत्याच्या पलंगाखाली गेलं आणि कापडांचे गठ्ठे माझ्या कपाटात. खिडकीतून समोरच्या इमारतीची गच्ची दिसते. मला खोली फार आवडली.

आई गेल्यावर मला आत्यानेच वाढवलं. मग शिक्षण, मग दुसरीकडच्या नोकऱ्या, आणि आता इतक्या वर्षांनी पुन्हा तिच्या हातचं आयतं. ती जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, त्यामुळे तिचं तोंड थांबत नाही आणि कान काही सोडत नाहीत. शेजारणीला तिने आधीच सांगून ठेवलंय की भाची मोठ्या सुपरमार्केटच्या प्रयोगशाळेत कोंबड्यांची डॉक्टर म्हणून लागली. मी म्हटलं, अगं, आमच्याकडे कोंबड्या मेलेल्याच येतात. तर म्हणे, मग बरं, तक्रार करणार नाहीत.

६ नोव्हेंबर, बुधवार

कामाची जागा चांगली आहे. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे मी कुरकुर करणार हे मला माझ्या स्वभावावरून माहीत आहे.

आमचं काम सोपं. सुपरमार्केटमध्ये जाणाऱ्या कोंबडीच्या प्रत्येक खेपेतली काही पाकिटं आमच्याकडे येतात. त्यातला कातडीचा तुकडा काढायचा, त्यावरचे जंतू वाढवायचे आणि मोजायचे. मी त्यापुढची एक चाचणीही करते. जेलीसारख्या खाद्याने भरलेल्या बशीवर जंतू सारवायचे, वर वेगवेगळ्या अँटिबायोटिक औषधांच्या छोट्या कागदी चकत्या ठेवायच्या आणि बशी ऊबदार कपाटात ठेवून घरी जायचं. दुसऱ्या दिवशी बशीभर दुधट थर आलेला असतो. जे औषध लागू पडतं त्याच्या चकतीभोवती मात्र काही उगवत नाही, स्वच्छ गोल अंगण राहतं. औषध निकामी असेल तर जंतू थेट चकतीला येऊन भिडतात. मला हे बघायला कॉलेजपासून आवडतं.

विभागप्रमुखांना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणतात. टापटीप, मृदू बोलणं, चूक काढतानाही हसून काढतील. आमच्या खोलीला एका बाजूला काचेची भिंत आहे आणि पलीकडे रुग्णालयाचं काम चालतं. इथल्या रुग्णालयाला स्वतःची प्रयोगशाळा नाही, म्हणून पेशंटचे नमुने आमच्याकडे येतात. तिथे एक वयस्कर तंत्रज्ञ बसतात. सगळे त्यांना ‘पलीकडचे काका’ म्हणतात. काकांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की तुम्ही खाण्याआधीचं बघता, आम्ही खाल्ल्यानंतरचं.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज एक मजा कळली. चाचणीला लागतो कातडीचा बोटभर तुकडा. बाकीचं अख्खं पाकीट उरतं. ते फेकायचं जिवावर येतं म्हणून दर शुक्रवारी संध्याकाळी वाटणी होते. फ्रीजपुढे रांग लागते, चेष्टा चालते, कोणाला तंगड्या हव्या, कोणाला नुसती छाती. बाईसुद्धा पिशवी घेऊन येतात. निकाल सोमवारी लागतो. तोवर परीक्षेला बसलेला सगळ्यांच्या पोटात. मी हे बोलून दाखवलं, सगळे हसले, मीही हसले आणि एक पाकीट घेऊन घरी आले.

आत्या खूश. पण तिने ती कोंबडी नळाखाली धरली आणि माझा जीव खालीवर झाला. नळ पूर्ण सोडून, चोळून चोळून, अंघोळ घातल्यासारखी. शिंतोडे ओट्यावर, भांड्यांवर, तिच्या चष्म्यावर. मी म्हटलं, कच्ची कोंबडी धुवायची नसते, धुतल्याने जंतू मरत नाहीत, नुसते घरभर उडतात. शिजवल्यावर काय ते मरतात. तिने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाली, चाळीस वर्षं धुतेय, तुला याच ओट्यावर मोठी केली, मेलीस का? मग ओट्याचं फडकं घेऊन सगळं पुसलं. त्याच फडक्याने जेवणाचं टेबल पुसलं. मी कपाळावर हात मारला. जेवण मात्र फर्मास झालं होतं.

११ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी बशी काढली. अंगणच नाही.

मला वाटलं, चकत्या ठेवायला विसरले. चकत्या होत्या. जंतू त्यांच्या काठाला टेकून उभे होते, एकाला नाही, जवळजवळ सगळ्यांना. फक्त एका चकतीभोवती गोल होतं, रुग्णालयं अगदी शेवटी काढतात त्या औषधाचं. खेप बघितली. शुक्रवारच्या पाकिटांची.

बाईंकडे गेले. त्यांनी बशी उजेडात धरली, छान वाढ आहे म्हणाल्या. मग समजावलं की अहवालात दोनच प्रश्न असतात: ठरलेला घातक जंतू आहे का, आणि एकूण संख्या मर्यादेत आहे का. तो जंतू नाही, संख्या मर्यादेत आहे. खेप उत्तीर्ण. औषध लागू पडतं की नाही हा रकाना अहवालात नाही. मी म्हटलं, मग मी ही चाचणी करते कशाला? म्हणाल्या, अभ्यासासाठी. आणि शिजवल्यावर सगळं मरतंच की.

मरतंच. पण कोणी नळ शिजवतं का? फडकं शिजवतं?

१४ नोव्हेंबर, गुरुवार

तीन दिवस डोकं फिरलेलं आहे. पुढच्या खेपेच्या बशा लावल्या, तेच. त्याच्या पुढच्या, तेच. एकाच फार्मवरचा माल. तिथे पिल्लांना आजार नसतानाही पाण्यातून औषध देतात हे इथे सगळ्यांना माहीत आहे, आणि सगळे ते असं सांगतात जणू कोणी पिल्लांना बाळसं धरायला गुटी देतंय.

आणखी एक गोष्ट लोकांना समजावताना माझी दमछाक होते. औषधाला न जुमानण्याची ही कला जंतू एकमेकांना देतात. शेजारीण भिंतीवरून वाटीभर साखर देते तशी. मग साध्या, निरुपद्रवी जंतूकडूनही ती भलत्याच्या घरी जाते. बाई म्हणाल्या, तुम्ही फार मनाला लावून घेता.

घरी आत्याला काय सांगणार? नोकरीला लागताना सही करून दिली आहे, ऑफिसातली गोष्ट बाहेर बोलायची नाही. एवढंच म्हटलं की मी आता ऑफिसातून पाकिटं आणणार नाही, ती बरी नसतात. ती म्हणाली, बरं.

१६ नोव्हेंबर, शनिवार

संताप. संताप. बाहेरून आले तर ओट्यावर कोंबडी. तेच पाकीट, तोच फार्म, तीच खेप. आत्याने सुपरमार्केटमधून आणली. एकावर एक मोफत होती म्हणून दोन आणल्या. म्हणे, तुझ्या ऑफिसातली उरलेली नको म्हणालीस ना, म्हणून ताजी विकत आणली.

काय बोलू? अर्धं सांगितलं आणि अर्ध्याने घात केला. मी ओरडले. ती म्हणाली, स्पष्ट बोलायला काय तोंडाला कुलूप आहे का? त्यावर मी सहीबिही सगळं विसरून सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, मग हे दुकानात विकायला कसं ठेवतात? कोंबडी तोवर धुऊन झाली होती.

२० नोव्हेंबर, बुधवार

आत्याला लघवीला जळजळ. तिला हे अधूनमधून होतं. खालच्या डॉक्टरांनी नेहमीची गोळी दिली. मी म्हटलं, आधी लघवी तपासायला द्या. डॉक्टर म्हणाले, एवढ्यासाठी कशाला, तीन दिवसांत बरं वाटेल. आत्या जाताना त्यांना म्हणाली, माझ्या भाचीकडे लक्ष देऊ नका, ती कोंबड्यांची डॉक्टर आहे.

२३ नोव्हेंबर, शनिवार

बरं वाटलेलं नाही. थंडी वाजून ताप. डॉक्टरांनी गोळी बदलली. मी पुन्हा तपासणीचं बोलले, पुन्हा तेच हसू. मला आता या हसण्याचा तिटकारा आलाय. बाई असंच हसतात, डॉक्टर असंच हसतात, त्या फार्मचा माणूस बिलं घेऊन येतो तोही असंच हसतो.

दुपारी आत्या झोपल्यावर घर तपासलं. ओल्या कापसाच्या काड्या घेतल्या आणि फिरवल्या: नळ, ओटा, फ्रीजची मूठ, तिचा चष्मा, टेबल, फडकं. माझ्या खोलीच्या दाराची कडी. सोमवारी लावते.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

नळ: उगवून आलं. ओटा: आलं. फ्रीजची मूठ: आलं. चष्मा: आलं. फडक्याच्या बशीला तर बघवत नव्हतं. माझ्या दाराच्या कडीची बशी मी शेवटी काढली. तिच्यावरही.

आणि सगळीकडे तेच. अंगण नाही. एका चकतीभोवती सोडून.

फडकं जाळलं. नळ घासला, ओटा घासला, पुन्हा नळ. आत्या पलंगावरून म्हणाली, लहानपणी इतकं घासलं असतंस तर माझी कंबर राहिली असती. आवाज बारीक झालाय तिचा.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

आत्या रुग्णालयात. सकाळी मला ओळखेना. मला माझ्या आईच्या नावाने हाक मारली. जंतू रक्तात गेलेत म्हणतात. आता घेतली एकदाची तपासायला लघवी, आता घेतलं रक्त. आता सगळ्यांना घाई.

माझा राग कोणावर काढू ते कळत नाही. इथे सगळी भली माणसं आहेत.

३० नोव्हेंबर, शनिवार

पलीकडच्या काकांनी काचेवर टकटक केली. त्यांनी आत्याची बशी काचेला लावून धरली. मी माझ्या बाजूने कोंबडीची बशी लावली. मधे फक्त काच.

कोणती कोणाची ते आम्हा दोघांनाही सांगता आलं नसतं.

 

२ डिसेंबर, सोमवार

दोन्ही बशा घेऊन बाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, आत्याचं ऐकून फार वाईट वाटलं, आणि ते खरं होतं, डोळे भरले होते त्यांचे. मग म्हणाल्या, दिसायला सारखं म्हणजे तेच असं नाही. ते सिद्ध करायला जनुकांची तपासणी लागते, ती आपल्याकडे होत नाही, बाहेर पाठवायची तर वरून मंजुरी लागते. मंजुरीसाठी काय लागतं? सिद्ध झालेलं असावं लागतं.

मी हसले. वेड्यासारखी हसले.

पुरावाच हवा ना, देते. रोज नव्या खेपा लावतेय, दिवसभर, त्या जंतूंत हात घालून. हातमोजे बदलते, हात धुते, पुन्हा धुते. बोटांची सालपटं निघाली आहेत. तळव्याला चिरा पडल्या.

४ डिसेंबर, बुधवार

डॉक्टरांनी शेवटचं औषध सुरू केलं. ज्याचं अंगण शिल्लक आहे ते. ताप उतरला.

आत्या शुद्धीवर. पहिलं वाक्य: इथला चहा म्हणजे भांडी विसळलेलं पाणी. मी रडले.

इथे पेशंटला शिवायचं तर हातमोजे घालूनच. आत्याला ते खपत नाही. म्हणाली, रबराचा हात काय धरायचा, मी काय गटार उपसायला बोलावलंय तुला? तोंड फिरवलं. जेवेना. शेवटी नर्स बाहेर गेल्यावर मी मोजे काढले, हात चांगले धुतले आणि भरवलं. तिने माझी बोटं धरून ठेवली, झोप लागेपर्यंत. चिरा पडलेल्या बघून म्हणाली, तेल लाव.

६ डिसेंबर, शुक्रवार

आज वाटणी होती. मी फ्रीजसमोर आडवी उभी राहिले. सांगितलं, बशा दाखवल्या, आत्याचं सांगितलं. सगळ्यांनी ऐकलं. कोणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग हळूच बाजूला हात घालून एकेकाने पाकीट काढून घेतलं. आम्ही नीट शिजवतो गं, म्हणाले.

रुग्णालयात संध्याकाळी पुन्हा भरवलं. मोज्यांशिवाय. तिला बरं वाटतंय ना — मग.

७ डिसेंबर, शनिवार

पुन्हा ताप. थोडा.

डॉक्टर म्हणाले, होतं असं. नव्याने रक्त घेतलं. जवळच्या माणसांचे हातही तपासतात म्हणे, नियम आहे. नर्सने माझ्या तळव्यावरून कापसाची काडी फिरवली. चिरांमधून. झोंबलं.

८ डिसेंबर, रविवार

ताप वाढतोय. हातात चमचा धरवत नाही तिला. आजही मीच —

नाही. उद्या हाताचा निकाल येईपर्यंत नाही. मोजे घातले. तिने तोंड मिटून घेतलं.

सुपरमार्केटमध्ये गेले साबण आणायला. तीच पाकिटं. एक आई लेकराला कडेवर घेऊन पाकीट निवडत होती, लेकराने ते चाटलं — मी ओढून घेतलं त्याच्या हातातून. ती किंचाळली. पहारेकऱ्याने बाहेर काढलं मला. मला.

९ डिसेंबर, सोमवार

इथे पलंगाशेजारी बसून लिहितेय. दुपार.

पलीकडच्या काकांचा फोन आला. अहवाल टाईप होईपर्यंत थांबवलं नाही म्हणाले. दोन बशा आहेत.

पहिली आत्याची. शेवटच्या औषधाचं अंगण आहे. पण त्या अंगणात आतल्या बाजूला दोन ठिपके उगवलेत. काल नव्हते. बाकीचे जंतू अजून या औषधाने मरतात. हे दोन मरत नाहीत.

दुसरी माझ्या तळव्याची. म्हणाले, अंगण नाही. मी विचारलं, शेवटच्याचं? म्हणाले, पोरी, एकाही चकतीचं नाही.

म्हणजे ते दोन ठिपके माझ्याच हातावरचे — कुठल्या तरी नव्या खेपेतून आलेले —

मी भरवत होते. मी, जी सगळ्यांना सांगत फिरत होते — मी घरी नेलं, मी इथे आणलं, याच बोटांनी —

डॉक्टरांना सांगायला हवं. औषधाबरोबर आणखी काही — ते अजून वेळ आहे म्हणतील का — दोनच ठिपके आहेत. दोनच. पुन्हा माझा हात लागला नाही तर —

मोज्यांचा डबा रिकामा. नर्स खालून आणते म्हणाली. अजून आली नाही.

आत्या जागी झाली. मला ओळखलं. माझंच नाव घेतलं.

हात पुढे केलाय. म्हणते, घाबरलेय गं, हात दे. मी म्हटलं, थांब, मोजे येतायत. म्हणते, नको ते. मी खुर्ची मागे सरकवली. तिला वाटलं मी निघाले. उठून बसतेय — अगं पडशील — सलाईनची सुई ओढली जातेय —

नर्सला हाक मारली. कोणी नाही. आत्या वाकली माझ्याकडे, पलंगाच्या काठावर आली, मी उजवा हात पेनसकट वहीशी ओढून घे —

डावा हात. तिने डावा धर